ओट्यावरची मुले



ज्या हेडमास्तरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते त्यांच्या हाताखाली मी सहा वर्षे शिकलो, आणि पुढे त्यांच्याच शाळेत इतिहास शिकवून निवृत्त झालो. या व्यासपीठावर माझ्याआधी आलेल्या विद्वानांनी सयाजीराव महाराजांचे राज्यशासन, बडोद्याची संगीतपरंपरा, मराठी मुद्रणालये असे भारदस्त विषय मांडले. माझा विषय त्यामानाने ओट्यावरचा आहे. संध्याकाळी कोपऱ्यावर घोळक्याने उभी राहणारी, मोठ्याने हसणारी, प्रसंगी दिवा फोडणारी चौदा ते अठरा वर्षांची मुले, आणि त्यांना तेथून हुसकावण्यासाठी मोठ्या माणसांनी वेळोवेळी शोधलेले उपाय, यांचा थोडा इतिहास मी आज आपल्यापुढे ठेवणार आहे.

विषय सुचण्याचे कारण लाजिरवाणे आहे. ते आधीच सांगून टाकतो. तीन वर्षांपूर्वी आमच्या सोसायटीच्या फाटकाजवळच्या ओट्यावर रोज सात-आठ मुले बसू लागली. शेजारी पानाचा गल्ला, समोर विजेचा खांब. मुलांचे वागणे सोज्ज्वळ होते असे मी मुळीच म्हणणार नाही. खांबावरचा दिवा दोनदा फुटला. एका स्कूटरचा आरसा गेला. शेजारच्या एका मुलीने शिकवणीला जाण्याची वाट बदलली, आणि ती का बदलली हे तिच्या आईला कळायला महिना लागला. म्हणजे तक्रार खोटी नव्हती.

सोसायटीची सभा भरली. एकाने ओट्यावर लोखंडी खिळे बसवावेत असे सुचवले, दुसऱ्याने कॅमेरा सुचवला. तिसऱ्या गृहस्थांचे चिरंजीव इंग्लंडमध्ये असतात. त्यांनी तिकडच्या एका यंत्राची माहिती दिली, त्या यंत्राकडे मी पुढे वळणार आहे. अखेर खिळे बसवायचे आणि पोलीस चौकीत अर्ज द्यायचा असे ठरले. अक्षर बरे म्हणून अर्ज लिहिण्याचे काम माझ्याकडे आले. तो अर्थातच गुजरातीत होता. 'काही अज्ञात मुले' अशी त्याची सुरुवात होती.

चौथ्या दिवशी मुलांना चौकीत नेऊन दोन तास बसवून ठेवले आणि घरच्यांना बोलावले. त्या रात्री साडेनऊला माझ्या दारात एक गृहस्थ उभे राहिले. १९८५ च्या सुमारास मी त्यांना सातवीत शिकवले होते. ते चिडलेले दिसत नव्हते. आत येऊन बसले, पाणी घेतले आणि म्हणाले, "सर, अर्ज दाखवला मला त्यांनी. अक्षर ओळखलं मी." लिपी बदलली म्हणून अक्षर लपत नाही. मग थोडे थांबून म्हणाले, "पण सर, अज्ञात कसा तो? मागच्या गल्लीत चौथं घर आमचं."

मला त्या मुलाचे नाव माहीत नव्हते. त्याच्या वडिलांचा हजेरीपटावरचा क्रमांक मात्र आठवत होता.

इतिहासाच्या शिक्षकाला लाज वाटली की तो जुन्या कागदांकडे वळतो. मीही वळलो.

रिकाम्या माणसाला रस्त्यावरून उठवणे हा राज्यसंस्थेचा फार जुना उद्योग आहे. पेशवाईतल्या पुण्यात रात्रीची तोफ झाली की फिरण्याला बंदी असे, आणि सापडेल त्याला कोतवाल अडकवून ठेवी. त्या अमर्याद सत्तेचा शेवट काय होतो ते १७९१ साली दिसले. कोतवालीत कोंडलेले परप्रांतीय ब्राह्मण गुदमरून मेले आणि खवळलेल्या लोकांनी घाशीराम कोतवालाला दगडांनी ठेचले. पण तोफेला वय नव्हते. पोरसवदा मुलांचा निराळा विचार करणारे कायदे आपल्याकडे इंग्रजी अमलात आले.

त्यांतला पहिला १८५० चा. दहा ते अठरा वर्षांचे मूल किरकोळ गुन्ह्यात सापडले किंवा निराधार असले, तर न्यायाधीशाने त्याला एखाद्या कारागिराकडे उमेदवार म्हणून करारावर बांधून द्यावे, अशी त्यात तरतूद होती. मुंबईत १८५७ मध्ये डेव्हिड ससून यांच्या औदार्यातून सुधारशाळा उभी राहिली, आणि तेथे मुलांना सुतारकीसारखे धंदे शिकवण्याचा प्रयत्न झाला. हेतू वाईट नव्हता. पण त्याच सरकारने १८६४ मध्ये फटक्यांचा कायदा केला आणि लहान गुन्हेगारांसाठी वेताची शिक्षा सोयीची ठरवली. तुरुंगात जागा लागत नाही, अन्न लागत नाही, पाच मिनिटांत न्याय पुरा. ही शिक्षा आपल्या कायद्यातून पूर्णपणे जायला १९५५ साल उजाडावे लागले, म्हणजे स्वराज्य येऊन आठ वर्षे झाली होती. मध्यंतरी १८७६ आणि १८९७ चे सुधारशाळांचे कायदे झाले. दुसऱ्या कायद्याने पंधरा वर्षांखालील मुलग्यांना तुरुंगाऐवजी सुधारशाळेत धाडता येऊ लागले. १८९८ च्या फौजदारी संहितेतले १०९ वे कलम मात्र वेगळ्या जातीचे. उपजीविकेचे दृश्य साधन नसलेल्या माणसाकडून दंडाधिकाऱ्याला चांगल्या वर्तणुकीचा जामीन मागता येई. चौदा-पंधरा वर्षांच्या मुलाजवळ उपजीविकेचे दृश्य साधन कोणते असणार? मग १९२४ चा मुंबई इलाख्याचा बालक कायदा, आणि स्वातंत्र्यानंतर १९८६, २००० व २०१५ चे देशव्यापी बालन्याय कायदे. आज बालकाला पोलीस कोठडीत ठेवता येत नाही. आमच्या ओट्यावरची मुले बाकावरच बसली, ती या दीर्घ प्रवासामुळे. माझ्या अर्जामुळे त्यांचे जे झाले असते ते दीडशे वर्षांपूर्वी वेताने झाले असते, हे ध्यानात आल्यावर मला फार बरे वाटले नाही.

आता आपल्या बडोद्याकडे येतो.

सयाजीराव महाराजांनी १८९३ मध्ये अमरेली तालुक्यातील काही गावांत सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ मध्ये तो सर्व संस्थानाला लागू केला, हे या सभागृहातल्या लहान मुलालाही पाठ असेल. त्या कायद्यातली वयोमर्यादा आपण सहसा पाहत नाही. मुलग्यांसाठी ती सात ते बारा वर्षे होती, मुलींसाठी सात ते दहा. मूल न पाठवणाऱ्या पालकाला दंड होता, आणि तो वसूलही होत असे. या कायद्याचे एक अनपेक्षित फळ मला दिसते. ते माझे अनुमान आहे, म्हणून त्याला अनुमानाइतकीच किंमत द्यावी. पूर्वी दहा वर्षांचा मुलगा मागावर, शेतात किंवा दुकानात बापाबरोबर असे. त्याला 'मोकळा वेळ' नावाची वस्तू ठाऊक नव्हती. शाळेच्या घंटेने दिवसाचे दोन भाग केले. घंटेनंतरचा वेळ कोणाचाच राहिला नाही. आणि बाराव्या वर्षी सक्ती संपली, की नोकरी वा धंदा सुरू होईपर्यंतची चार-पाच वर्षेही तशीच, कोणाचीच नसलेली. ज्याला आपण उनाड, टवाळ, उडाणटप्पू म्हणतो, तो मुलगा या रिकाम्या जागेत वाढला.

महाराजांच्या सरकारला हे शब्दशः असे सुचले होते असा माझा दावा नाही. पण त्यांनी पुढे जे केले ते या जागेत नेमके बसते. १९१० मध्ये त्यांनी अमेरिकेतून विल्यम ॲलन्सन बॉर्डन या ग्रंथपालाला बडोद्यास आणले. बॉर्डन हे न्यू हेवन येथील यंग मेन्स इन्स्टिट्यूटच्या ग्रंथालयाचे प्रमुख होते. म्हणजे काम संपल्यावर तरुणाने जावे कोठे, या प्रश्नातून जन्मलेल्या संस्थेतला तो माणूस. त्यांनी येथे मध्यवर्ती ग्रंथालयाची घडी बसवली, ग्रंथपालांना शिकवले, आणि लाकडी पेट्यांतून पुस्तके खेड्यापाड्यांत फिरू लागली. मुलांसाठी वेगळा विभाग निघाला. १९३१ साली मांडवीजवळची प्रशस्त इमारत उघडली. तिच्या काचेच्या फरशांवरून चालताना खालच्या मजल्यावरचा माणूस अंधूक दिसतो, आणि पहिल्यांदा आलेला प्रत्येक मुलगा पाय जपून टाकतो. मीही टाकला होता.

पण पुस्तकाची आवड सर्वांना नसते. ओट्यावरच्या मुलाला तर सहसा नसतेच. त्याच्यासाठी या शहरात एक निराळे विद्यालय होते.

दांडिया बाजारातील जुम्मादादांचा आखाडा १८८० चा. जुम्मादादा मुसलमान मल्ल. त्यांचे पट्टशिष्य गजानन यशवंत तांबे, ज्यांना सारा देश प्रोफेसर माणिकराव, राजरत्न माणिकराव म्हणून ओळखतो, जन्म १८७८. उस्तादांमागून आखाडा शिष्याकडे आला, आणि हिंदू शिष्याने त्याला नाव दिले ते उस्तादांचेच: श्री जुम्मादादा व्यायाम मंदिर. गुजरातेत आणि महाराष्ट्रात आपण जे दिवस पाहिले, त्यानंतर हे नाव मी मुद्दाम सावकाश उच्चारतो.

माणिकरावांच्या कामाची थोरवी त्यांनी किती मल्ल घडवले यावरून मोजू नये. त्यांनी मोठी गोष्ट केली ती अशी, की एकट्यादुकट्याची तालीम घोळक्याची केली. लेझीम, लाठी, जोडी, बनेठी, मलखांब हे प्रकार शेकडो मुले एका तालात, एका वेळी करू लागली, आणि त्यांच्या आज्ञा इंग्रजी कवायतीतल्या नसून देशी भाषेतल्या होत्या. घोळका हा पोलिसांच्या दृष्टीने उपद्रव. माणिकरावांनी तोच कच्चा माल मानला. पोरांना एकत्र यायचे आहे, आवाज करायचा आहे, अंगातली रग कोठे तरी दाखवायची आहे, पाहणाऱ्याने पाहावे असेही वाटते आहे. लेझमीत हे सर्व आहे, आवाजही आहे! डभोईला जन्मलेले जगन्नाथ गणेश गुणे याच आखाड्यात तयार झाले. पुढे स्वामी कुवलयानंद म्हणून त्यांनी १९२४ मध्ये लोणावळ्याला कैवल्यधाम स्थापले. द. चिं. मुजुमदारांनी दहा खंडांचा व्यायामज्ञानकोश मराठीत काढला तोही या बडोद्यातून. एका शहरात एवढे व्हावे याला कारण केवळ राजाश्रय नसावा.

आखाड्याची रीत आमच्या पिढीने थोडीफार पाहिली. मातीला हात लावून कपाळी लावल्याशिवाय आत पाऊल नाही. आत आलेल्या नव्या पोराला वस्ताद पहिल्या दिवशी काहीही शिकवत नसत; पाणी मारायला, माती खणायला लावत. दुसऱ्या दिवशी नावाने हाक मारत. सोळा वर्षांच्याने बारा वर्षांच्याला धरायचे, आणि वीस वर्षांच्याने सोळाच्याला. एखादा तीन दिवस दिसला नाही तर कोणी तरी त्याच्या घरी जाऊन येई. वस्तादांनी तोंड उघडून नीतीचा उपदेश केलेला मी ऐकला नाही, आणि तरी वस्ताद येताना दिसले की पोरे हातातली विडी पायाखाली टाकत.

चित्र येथेच थांबवले तर ते खोटे ठरेल. आपल्या भाषेतला 'दादा' हा शब्द पाहा. थोरला भाऊ तो दादा, उस्ताद तो दादा, आणि गल्ली आपल्या मुठीत ठेवणारा गुंडही दादाच. शब्दाचे हे तिन्ही अर्थ एकाच आखाड्याच्या दारातून बाहेर पडले आहेत. मुंबईच्या गिरणगावात १९२८-२९ च्या संपांच्या काळात व्यायामशाळा चालवणारे दादा होते, त्यांच्यामागे पोरांची फौज होती, आणि ती फौज कोणाच्या बाजूने रस्त्यावर उतरेल हे दादाच्या हितसंबंधांवर ठरे. इकडे इंग्रज सरकारही निर्धास्त नव्हते. १९१० च्या आगेमागे बडोद्यातील राजद्रोहाच्या संशयाने ते पछाडले होते, आणि तरुण जेथे जमतात त्या तालमी त्या संशयातून सुटणे शक्य नव्हते. शिवाय या आखाड्यांच्या मातीत मुली नव्हत्या. कोणत्या वस्तीतला मुलगा कोणत्या आखाड्यात जाऊ शकतो याचे अलिखित नियम होते, आणि ते सर्वांना पाठ होते. आमच्या शेजारच्या त्या मुलीने वाट बदलली. तिच्या आजीला तर बाहेर पडण्याची वाटच नव्हती. जुन्या काळाचे गोडवे गाताना हे विसरणारा इतिहासकार, माझ्या मते, हजेरी न घेता शिकवणाऱ्या मास्तरासारखा आहे.

हजेरीवरून आमच्या हेडमास्तरांची आठवण अपरिहार्य आहे.

१९६२ मध्ये मी चौदा वर्षांचा होतो आणि आम्ही पाच जण संध्याकाळी सूरसागरच्या कोपऱ्यावर उभे असू. काय करत असू? काहीच नाही. तळ्यात खडे मारायचे, टांगेवाल्याला हाका मारायच्या, सायकलवरून जाणाऱ्या कॉलेजच्या मुलींवर काही बोलायचे. हे शेवटचे सांगताना आज या वयात मान खाली जाते, पण अर्ज लिहिताना मला ते आठवले नव्हते, म्हणून सांगतो. एका संध्याकाळी सर सायकलवरून उतरले. सरांची छडी शाळेत आम्ही सर्वांनी खाल्ली होती, म्हणून आम्ही पळण्याच्या बेतात होतो. सरांनी सायकल झाडाला टेकवली आणि एकेकाला नाव विचारले. आमची नावे त्यांना ठाऊक होती, तरी विचारली. घरी कोण कोण आहे ते विचारले आणि निघून गेले. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आठवडाभर हा माणूस आमच्या कोपऱ्यावर येऊन दहा मिनिटे उभा राहत होता. आमच्याच ठिकाणी, आमच्यासारखाच, काहीही न करता.

आठव्या दिवशी त्यांनी खिशातून एक किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. शाळेच्या लेझमी आणि लाठ्या ठेवण्याच्या कपाटाची होती. "उद्यापासून साडेपाचला तू उघडायचंस. नाही उघडलंस तर वीस पोरं दारात उभी राहतील." एवढेच बोलले. दुसऱ्या दिवशी मी सव्वापाचलाच गेलो.

पाचांपैकी चौघे मैदानावर आलो. पाचवा आला नाही. सर त्यानंतरही कित्येक महिने सूरसागरच्या कोपऱ्यावर सायकल थांबवत आणि त्या एकट्याशी बोलत. तो पुढे मुंबईला निघून गेला. त्याचे काय झाले ते मला कळले नाही. सरांचा उपाय दर वेळी लागू पडत असे, असे म्हणण्याची सोय त्याने ठेवली नाही.

पुढचा इतिहास आपल्या डोळ्यांसमोरचा आहे. मैदानांवर इमारती आल्या, संध्याकाळी शिकवण्या आल्या, मग दूरदर्शन आणि शेवटी हातातला फोन. तालमींची माती सुकली आणि तिच्या जागी आरशांची जिम आली. तेथे मासिक शुल्क भरावे लागते, आणि आठ दिवस न गेल्यास घरी कोणी येत नाही. १९६९, १९८१-८२ आणि २००२ या सालांच्या दंगलींत या शहरात मी संचारबंदी पाहिली. त्या दिवसांतले एक निरीक्षण सांगतो आणि पुढे जातो. ज्या पोरांना आपण वर्षभर ओट्यांवरून उठवत असू, त्यांना या बसा म्हणणारे लोक त्या आठवड्यांत अकस्मात निघत. त्यांना त्या पोरांची नावे ठाऊक असत.

आता इंग्लंडच्या यंत्राविषयी. ते खरे तर वेल्समधले. २००५ साली बॅरी या गावच्या एका दुकानाबाहेर पोरांचे टोळके जमे. हॉवर्ड स्टेपल्टन नावाच्या गृहस्थांनी त्यावर सेकंदाला सतरा हजारांहून अधिक कंपनांचा कर्कश आवाज काढणारी एक पेटी बसवली आणि तिला नाव दिले 'मॉस्किटो', म्हणजे डास. वयाच्या पंचविशीनंतर माणसाच्या कानाला इतका उंच स्वर बहुधा ऐकू येत नाही. त्यामुळे पोरे पळतात आणि गिऱ्हाईक खुशाल खरेदी करते. शोध चतुर खराच. पण बाबागाडीतल्या तान्ह्या मुलालाही तो आवाज ऐकू येतो, आणि त्याला पळता येत नाही. युरोपीय परिषदेच्या संसदीय सभेने २०१० मध्ये या पेटीवर बंदी घालण्याची शिफारस केली. मला यातला सर्वांत रुचलेला भाग निराळाच आहे. पोरांनी वर्षभरात तोच आवाज मोबाइलच्या घंटीसाठी वापरायला सुरुवात केली. वर्गात फोन वाजतो, सर्व विद्यार्थ्यांना ऐकू येतो, मास्तरांना येत नाही! शिक्षकाच्या नात्याने मी या बुद्धिमत्तेला वंदन करतो.

अमेरिकेतील शिकागो शहराने १९९२ मध्ये याहून सरळ मार्ग धरला. टोळीतल्या संशयिताबरोबर विनाकारण रेंगाळणाऱ्यास निघून जाण्याचा हुकूम पोलिसांनी द्यावा, न गेल्यास अटक करावी, असा ठराव झाला. तीन वर्षांत सुमारे ८९,००० हुकूम आणि ४२,००० अटका झाल्या. १९९९ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो ठराव रद्द केला; काय केले म्हणजे गुन्हा होतो हे सामान्य माणसाला त्यातून कळतच नव्हते.

उलट बाजूचे उदाहरण आइसलँड या लहानशा देशाचे. तेथे १९९८ साली पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलांनी मागच्या महिन्यात दारू पिऊन झिंगल्याचे सांगितले होते. २०१६ मध्ये हे प्रमाण ५ टक्क्यांवर आले. त्यांनी बंधने घातली नाहीत असे नाही. तेरा ते सोळा वर्षांच्या मुलाने हिवाळ्यात रात्री दहानंतर एकट्याने बाहेर राहू नये, असा त्यांचा नियम आहे. पण त्याबरोबर खेळ, संगीत, नृत्य यांच्या वर्गांसाठी नगरपालिकेने प्रत्येक मुलामागे पैसे दिले, आणि आईबाप संध्याकाळी गटागटाने वस्तीतून पायी फिरू लागले. ते वाचताना मला झाडाला टेकवलेली एक सायकल दिसली.

मित्रहो, आमच्या ओट्याचे काय झाले ते सांगायचे राहिले. खिळे बसले. मुले पहिले काही दिवस शेजारच्या सोसायटीपाशी गेली, तेथूनही अर्ज झाला. मग विश्वामित्रीच्या पुलाकडे, जेथे दिवा नाही आणि पाहणारे कोणी नाही. तीन महिने फाटक शांत होते, आणि आम्ही एकमेकांचे अभिनंदन करत होतो. मग एका संध्याकाळी मुले परत आली. त्यांनी कोठून तरी एक जाड फळी आणली होती. ती खिळ्यांवर आडवी टाकून ती आरामात बसली होती. सुतारकाम बरे होते.

मी खाली गेलो. काय बोलावे ते सुचेना, म्हणून फळीच्या टोकाशी बसलो आणि नाव विचारले.

आपल्या शाळेचे मैदान सायंकाळी साडेपाचला कुलूपबंद होते. कारणे मला ठाऊक आहेत: पहारेकऱ्याचा पगार, काचा, कोणाला लागले तर जबाबदारी कोणाची, आणि २००२ नंतर मनात बसलेली भीती. ही सर्व कारणे खरी आहेत. तरीही माझी व्यवस्थापक मंडळाला विनंती आहे की मंगळवार आणि शुक्रवार, साडेपाच ते साडेसात, मैदान उघडे ठेवावे. शाळेचा विद्यार्थी असो वा नसो, कोणत्याही वस्तीतला असो, मुलगा असो वा मुलगी, आत येऊ द्यावे. मुलींसाठी तिसरा दिवस वेगळा लागेल असे माझ्या सुनेचे मत आहे, आणि तिला या बाबतीत माझ्यापेक्षा अधिक कळते. पहारेकऱ्याच्या पगाराची सोय आम्ही चार माजी विद्यार्थी वर्षभरासाठी करतो. लेझमी माळ्यावर आहेत. गेल्या दिवाळीत पाहिल्या, चकत्या गंजल्या आहेत पण दोऱ्या बदलल्या तर चालतील. त्या दोन्ही दिवशी फाटकाशी खुर्ची टाकून मी बसेन. माझ्या गुडघ्यांना लेझीम झेपणार नाही, हजेरी झेपेल. ज्या गृहस्थांनी माझे अक्षर ओळखले, तेही शुक्रवारी येतो म्हणाले आहेत.

ओट्यावरच्या आठ मुलांपैकी सात जणांची नावे मला आता पाठ आहेत. आठवा अजून सांगत नाही. मी रोज विचारतो.